वंशावळीचे प्रश्न आणि संगणकाची 'हेल्प'

(देवळाच्या जीर्णोद्धारानिमित्त भरलेल्या ग्रामस्थ मेळाव्यात केलेले भाषण)



देवळाचे काम पुरे होत असतानाच गावातील प्रत्येक घराण्याची वंशावळ गोळा करून ती एकत्र जपावी, असे समितीने ठरविले. या कामासाठी मुलामुलींनी कागदाच्या भेंडोळ्यांऐवजी संगणक घेतला, हे योग्यच झाले. पण काम चार पिढ्यांपर्यंत गेले की कोठेतरी अडते. दत्तक कसा दाखवायचा? दोन लग्ने कशी मांडायची? शकाची तिथी कोठे लिहायची? मग 'हेल्प' उघडली जाते, दोन मिनिटे चाळली जाते आणि "यात आपल्याकडचे काही नाही" म्हणून बंद होते. जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेविषयी दोन शब्द बोलावेत अशी समितीची आज्ञा झाली, म्हणून मी उभा आहे.

विषय लहान दिसतो. परंतु अडलेली जागा रिकामी सोडण्याची किंमत कोण देते, ते पाहा. साधा मुलगा, साधे एक लग्न, ठाऊक असलेली तारीख, हे कोठेच अडत नाही. अडते ते सुनेच्या माहेरच्या नावापाशी, दत्तकापाशी, बालपणी वारलेल्या लेकरापाशी, परागंदा झालेल्या भावापाशी. म्हणजे जुन्या वंशावळीतून जी माणसे गळाली, तीच संगणकातूनही पुन्हा गळायची. हे टाळायचे असेल तर हेल्पमध्ये उत्तर शोधण्याची रीत शिकून घ्यावी लागेल.

प्रथम जुने काय होते ते आठवू. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी अशा क्षेत्रांच्या ठिकाणी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांची नावे सापडतात. अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त छापले. आपल्या गावात देव्हाऱ्यामागे किंवा पेटीच्या तळाशी एखादे झाड काढलेले असते. या बहुतेक झाडांत बापाखाली मुलगे आणि मुलग्यांखाली नातू. बायकांची नावे क्वचित, मुलींची त्याहून क्वचित. कागदावर जागा थोडी होती, आणि रीतही तशीच होती.

संगणकाची मांडणी वेगळी असते. मी उदाहरणासाठी 'ग्रॅम्प्स' नावाचे सॉफ्टवेअर घेतो. ते 2001 सालापासून उपलब्ध आहे, विनामूल्य आहे आणि आपल्या मुलांपैकी काहींनी तेच घेतले आहे. त्यात झाड असे मुळात साठविलेलेच नसते. प्रत्येक व्यक्तीची एक नोंद, प्रत्येक कुटुंबाची एक नोंद, जन्म-लग्न-मृत्यू अशा प्रत्येक घटनेची एक नोंद, गावाची एक, पुराव्याची एक. या नोंदी एकमेकींना दोऱ्याने बांधाव्यात तशा जोडलेल्या असतात. झाड हवे तेव्हा त्यांतून काढून मिळते. ही गोष्ट एकदा नीट समजली की हेल्पमधील निम्मी पाने आपोआप उलगडतात. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, अडचण येण्यापूर्वीच हेल्पमधील शब्दार्थांचे पान आणि आरंभीचे प्रकरण वाचा. पोथी वाचणारा आधी अध्यायांची नावे पाहतो, तसेच हे.

आता, उत्तर सापडत का नाही? बहुतेक वेळा कारण एकच. आपण आपल्या शब्दाने विचारतो आणि हेल्प तिच्या शब्दाने लिहिलेली असते. ही सॉफ्टवेअरे प्रथम युरोप-अमेरिकेतील कुटुंबांसाठी घडली. अमेरिकेतील युटा प्रांतात मुख्य ठाणे असलेल्या 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या पंथाने 1984 साली 'गेडकॉम' नावाची एक पद्धत ठरविली. एका सॉफ्टवेअरमधली वंशावळ दुसऱ्यात नेण्यासाठी जवळजवळ सर्वजण आजही तीच वापरतात. त्यामुळे खाने त्यांच्या समाजाचे आणि खान्यांची नावे त्यांच्या भाषेतली. तेथे 'गोत्र' शोधले तर कसे सापडणार? पण व्यक्तीला एखादा गुण चिकटविण्याची सोय मात्र असते, आणि तिला 'ॲट्रिब्यूट' म्हणतात. त्या पानावर गेलात की कळते, तेथे गुणाचे नाव आपले आपण लिहिता येते. 'गोत्र' लिहा, 'कुलदैवत' लिहा, 'देवक' लिहा. उत्तर होते, पण दुसऱ्या नावाच्या दाराआड.

अशी काही दारे आज दाखवितो.

सुनेचे माहेरचे नाव घ्या. काही सॉफ्टवेअरांत त्याला 'मेडन नेम' म्हणतात, ग्रॅम्प्समध्ये 'बर्थ नेम', म्हणजे जन्मनाव. एका व्यक्तीला अनेक नावे देता येतात आणि प्रत्येक नावाचा प्रकार सांगता येतो: जन्मनाव, लग्नानंतरचे नाव, लोकांत रूढ असलेले नाव. आपल्याकडे लग्नात आडनावच काय, पाळण्यातले नावही बदलण्याची चाल होती. माहेरची दुर्गा सासरी लक्ष्मी झाली, तर दोन्ही नावे एकाच बाईच्या नोंदीत बसतात. यासाठी हेल्पमध्ये 'मॅरेज' शोधू नका, 'नेम' शोधा. प्रश्न लग्नाचा नाही, नावाचा आहे.

दत्तक घ्या. समजा, धाकट्या भावाचा मुलगा थोरल्या घरी दत्तक गेला. जुन्या झाडात तो एका जागेवरून खोडून दुसरीकडे लिहीत. सॉफ्टवेअरमध्ये खोडण्याचे कारण नाही. तो दोन्ही कुटुंबांत मूल म्हणून राहतो. जन्मघरी नाते 'बर्थ', दत्तकघरी 'अडॉप्टेड'. शिवाय बापाशी नाते आणि आईशी नाते वेगवेगळे लिहिता येते, त्यामुळे सावत्रपणाही नीट दाखविता येतो. हे उत्तर व्यक्तीच्या पानावर शोधून मिळत नाही. ते कुटुंबाच्या पानावर, मुलांच्या यादीजवळ आहे. कारण दत्तक हा माणसाचा गुण नाही, ते दोघांमधले नाते आहे.

बापाचे नाव मधे लावण्याची आपली पद्धत घ्या. 'मिडल नेम' शोधलेत तर निराशा होईल. 'पॅट्रोनिमिक' शोधा. रशियन लोकही बापाच्या नावावरून नाव लावतात, त्यांच्यासाठी केलेली सोय आपल्यालाही चालते.

आणि नाती घ्या. नाते काढून देणारे एक साधन त्यात आहे. पण इंग्रजीत चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ हे चौघेही 'कझिन'. हेल्प कितीही चाळली तरी त्यात 'आतेभाऊ' सापडणार नाही. साधन जो मार्ग दाखविते, अमक्याच्या बापाची बहीण, तिचा मुलगा, तो वाचून शब्द आपण द्यायचा. आपल्या आज्यांना हे संगणकाहून लवकर सांगता येते.

यावरून शोधण्याची रीत ध्यानात येईल. आपला प्रश्न आधी साध्या शब्दांत कागदावर लिहावा. मग स्वतःला विचारावे: हा प्रश्न कशाविषयी आहे? माणसाविषयी, नात्याविषयी, घटनेविषयी, नावाविषयी, गावाविषयी, की पुराव्याविषयी? ज्याविषयी असेल त्याचे प्रकरण उघडावे. शोधायच्या चौकटीत लांब वाक्य न लिहिता एकच शब्द लिहावा. तो न सापडल्यास त्याच अर्थाचा दुसरा, मग तिसरा. जुन्या हेल्पमध्ये 'कंटेंट्स', 'इंडेक्स' आणि 'सर्च' असे तीन भाग असतात. 'सर्च' पानावर छापलेला शब्दच शोधते, तर 'इंडेक्स' हातांनी केलेली असल्याने लिहिणाऱ्याने तीत समानार्थी शब्दही घातलेले असतात. म्हणून 'सर्च' हरली तर 'इंडेक्स' पाहावी. आणि ज्या खिडकीत अडलात तेथेच 'एफ-वन' ही कळ किंवा त्या खिडकीतले 'हेल्प'चे बटण दाबून पाहावे. पुष्कळदा ते नेमक्या पानावर नेते. ग्रॅम्प्सची पाने इंटरनेटवर उघडतात. गावात रेंज नसते त्या दिवसासाठी लागणारी पाने आधी छापून ठेवलेली बरी. पानाच्या शीर्षाशी आवृत्तीचा आकडा असतो, तो आपल्या सॉफ्टवेअरच्या आकड्याशी जुळतो की नाही हेही पाहावे.

आता तारखांविषयी. ही आपल्याकडची मोठी अडचण. ग्रॅम्प्समध्ये ग्रेगोरियनखेरीज ज्यूलियन, हिब्रू, इस्लामी, पर्शियन, फ्रेंच क्रांतीचे अशी अनेक कॅलेंडरे आहेत. शालिवाहन शकाचे पंचांग त्यांत नाही. येथे पुष्कळांचा धीर सुटतो आणि ते अंदाजाने एक इंग्रजी तारीख ठोकून देतात. तसे करू नये. शकात 78 मिळविले की इसवी सन येतो, आणि पौषाच्या सुमारास इंग्रजी नवे वर्ष लागल्यानंतरच्या दिवसांना 79 मिळवावे लागतात. शके 1800 चा चैत्र म्हणजे 1878, पण त्याच शकाचा माघ म्हणजे 1879. पेशवाईतल्या कागदांवर अरबी, म्हणजे शुहूर सन असेल तर 599 किंवा 600 मिळवावे. दक्षिणेतील फसलीला 590 किंवा 591.

नुसते वर्ष ठाऊक असेल तर? यावर हेल्पमधील तारखांचे पान फार उपयोगी आहे. त्यात 'पूर्वी', 'नंतर', 'सुमारे' असे शब्द जोडण्याची सोय सांगितली आहे. शिवाय एक बारीक भेद सांगितला आहे, तो मला फार आवडतो. 'रेंज' आणि 'स्पॅन' हे दोन निराळे. शके 1800 मध्ये जन्म, म्हणजे 1878 व 1879 यांच्या दरम्यान केव्हातरी एका दिवशी. ही रेंज. अमुक गृहस्थ 1878 पासून 1890 पर्यंत पाटीलकी पाहत होते, हा स्पॅन. आणि मूळ तिथी, संवत्सराच्या नावासह, तारखेच्या शेजारी मजकूर म्हणून जशीच्या तशी लिहून ठेवता येते. नुसता मजकूरच लिहिला तर मात्र संगणकाला वय मोजता येत नाही. म्हणून दोन्ही लिहावे. शाळेच्या दाखल्यावरची 1 जून ही जन्मतारीख आपल्यापैकी कितीजणांची आहे ते हात वर करून पाहा! गुरुजींनी घातलेल्या अशा तारखेला 'अंदाजे' असा शेरा मारण्याचीही सोय आहे.

दोन धोके सांगतो. पहिला, नावांचा. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली चाल. त्यामुळे गणेश रघुनाथ, रघुनाथ गणेश, पुन्हा गणेश रघुनाथ, अशी माळ लागते. सॉफ्टवेअरमध्ये दुबार नोंदी शोधण्याचे साधन असते. ते अशा दोघांना एकच समजून "यांना एकत्र करू का?" म्हणून विचारते. होय म्हटले की आजोबा आणि नातू एक झाले आणि मधली पिढी लटकली. 'मर्ज' हे प्रकरण वाचल्याशिवाय, आणि 'बॅकअप' घेऊन ठेवल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नये.

दुसरा धोका देवनागरीचा. मुंबईच्या भावाने एका सॉफ्टवेअरमध्ये केलेली वंशावळ गावच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली आणि सर्व नावांच्या जागी प्रश्नचिन्हे आली, असे होऊ शकते. 'क्वेश्चन मार्क' शोधून हेल्पमध्ये काही मिळायचे नाही. शब्द आहे 'कॅरेक्टर सेट' किंवा 'एन्कोडिंग'. गेडकॉम बाहेर काढताना 'यूटीएफ-8' निवडले की देवनागरी शाबूत राहते. जुनी 'ॲन्सेल' ही अक्षरपद्धत रोमन अक्षरांसाठी होती, तीत आपली अक्षरे नाहीत. 2021 मध्ये आलेल्या गेडकॉमच्या सातव्या आवृत्तीत यूटीएफ-8 सक्तीचेच केले आहे.

ज्यांच्याजवळ जुन्या संगणकातली वंशावळ आहे त्यांच्यासाठीही एक गोष्ट. त्याच पंथाचे 'पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाइल' हे एके काळचे लोकप्रिय सॉफ्टवेअर 15 जुलै 2013 रोजी बंद झाले. विंडोजच्या जुन्या 'एचएलपी' प्रकारच्या हेल्प फायली उघडणारा भाग 2007 च्या व्हिस्टापासून विंडोजबरोबर येईनासा झाला. 'सीएचएम' प्रकारची फाइल इंटरनेटवरून उतरवली की कधी डावीकडे विषयांची यादी दिसते आणि उजवीकडचे पान कोरे राहते. फाइल बिघडलेली नसते. सुरक्षेसाठी विंडोजने तिला अडविलेले असते. फाइलवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अनब्लॉक' करावे, पान दिसते. मात्र फाइल खात्रीच्या ठिकाणची असावी. आणि सॉफ्टवेअर बंद होत जातात, हे ध्यानी घेऊन आपली वंशावळ वर्षातून एकदा गेडकॉममध्ये काढून ठेवावी व एक प्रत कागदावर छापावी.

मंडळी, येथवर जे सांगितले ते 'कसे नोंदवावे' याविषयी. हेल्पचा अधिकार येथे संपतो. काही प्रश्न असे आहेत की ते हेल्पमध्ये शोधणेच व्यर्थ. मूळ पुरुष कोण? दोघां भावांत थोरला कोण? अमुक शाखा आपल्यातलीच की बाहेरून आली? या प्रश्नांवर गावात मते दोन आहेत, हे आपण सगळे जाणतो. मानपानाच्या पाळ्या त्यावर ठरल्या आहेत, आणि त्यावरून बोलणे बंद झालेली घरेही आहेत. संगणक यात न्यायाधीश होणार नाही, आणि तरुणांनी त्याला तसे करूही नये.

पण येथेही हेल्पमधील एक प्रकरण आपल्याला वाट दाखविते. ते 'सोर्स' आणि 'सायटेशन' यांचे, म्हणजे पुराव्याचे. प्रत्येक नोंदीला ती कोठून आली हे जोडता येते आणि तिच्यावर विश्वास किती, हे 'फार कमी' पासून 'फार जास्त' पर्यंत पाच पायऱ्यांत लिहिता येते. थोरल्या घरच्या आजी एक सांगतात आणि फेरफाराचा उतारा दुसरे सांगतो, तर दोन्ही नोंदवा आणि प्रत्येकीखाली तिचा आधार लिहा. कोणाचे म्हणणे पुसू नका. हे प्रकरण कंटाळवाणे वाटते म्हणून सर्वात कमी वाचले जाते. माझ्या मते ते सर्वात आधी वाचावे. पुरावा नसलेली वंशावळ आणि चावडीवरची गप्प यांत फारसा फरक नाही.

हे मी आग्रहाने का म्हणतो? वारस लावताना वंशावळ मागतात. आपण केलेली यादी कायद्याचा कागद नाही, तरी उद्या कोणीतरी ती पुढे करीलच. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायक झाली. अशा काळात मुलींची नावे वगळलेली वंशावळ आपण देवळाच्या नावाने जपून ठेवली, तर ती जुनी रीत राहत नाही, तो अन्याय होतो. येथे बसलेल्या माहेरवाशिणींची नावे त्यांच्या बापाच्या घरातही हवीत आणि सासरच्या घरातही हवीत. सॉफ्टवेअरमध्ये त्यांना जागा आहे. कशी द्यायची ते हेल्पमध्ये लिहिलेले आहे. आता सबब उरली नाही.

आणि एक काळजी. हयात माणसांच्या जन्मतारखा, आईचे माहेरचे आडनाव, पत्ते हे सगळ्या जगाला वाटायचे नसतात. बँकांतून ओळख पटविण्यासाठी असलेच प्रश्न विचारतात. वंशावळ बाहेर काढताना हयात व्यक्तींचा तपशील वगळण्याची सोय असते. हेल्पमध्ये 'प्रायव्हसी' आणि 'लिव्हिंग' हे शब्द शोधा. तसेच ज्या गोष्टीने एखाद्या घराला दुःख होईल अशा नोंदीला कुलपाची खूण करून ठेवता येते. खरे लिहावे, पण चव्हाट्यावर मांडू नये.

शेवटी एक सूचना करतो. प्रत्येक घरातून एक तरुण आणि एक वडीलधारे माणूस जोडीने बसावे. जवळ एक साधी वही असावी. तिच्या डाव्या पानावर 'कसे नोंदवायचे' हे प्रश्न आणि उजव्या पानावर 'खरे काय' हे प्रश्न लिहावेत. डावे पान तरुणाने हेल्पमधून सोडवावे, आणि सापडलेले उत्तर कोणत्या शब्दाखाली सापडले तेही लिहावे, म्हणजे शेजारच्या घराला पुन्हा शोधावे लागणार नाही. उजवे पान वडीलधाऱ्यांनी, जुन्या कागदांनी आणि शाळेच्या रजिस्टरांनी सोडवावे. डावे पान पुढच्या वर्षीही सोडविता येईल, सॉफ्टवेअर नाही तर दुसरे येईल. उजव्या पानाला तेवढी सवड नाही. ज्यांना ही उत्तरे ठाऊक आहेत ती माणसे आज पुढच्या रांगेत बसली आहेत. त्यांना देवाने उदंड आयुष्य द्यावे, पण आपण मात्र उद्यावर टाकू नये.